विहिरीतलं कडं

१६ मार्च, रविवार

मी इतिहासात जाणार! अगदी छापून!

सकाळी अश्वजित आला होता. आमच्या गावच्या शाळेवर मास्तर आहे, वयानं माझ्या निम्मा, आणि गावाचा इतिहास लिहितोय. बुद्धपौर्णिमेच्या सुमारास पुस्तक निघणार. त्यात एक प्रकरण — 'कवीचं घराणं'. कवी म्हणजे मी! गावात दुसरा कवी नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. एकदा सांगितलं असतं तरी चाललं असतं.

मी चहा संपवला. सत्यशीला आतून म्हणाली, "साखर नोती आज. समजलं नाई वाटते."

नाही समजलं.

१८ मार्च

प्रकरणाचा खर्डा सुरू. पहिलं वाक्य सात वेळा खोडलं. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होतो, यवतमाळ–राळेगाव फेरीवर. तिकिटाच्या मागे कविता लिहायचो आणि पुढच्या दोन बाकड्यांना वाचून दाखवायचो. त्या बाकड्यांवर लोक सहसा बसत नसत. हे प्रकरणात घेऊ नये.

आजोबांचं मात्र घ्यायचं. तेच तर खरं प्रकरण आहे.

आजोबा मारोती. गावकीचं डफडं आमच्या घराकडे होतं. कोणाची वरात, कोणाची मयत, पाटलाची दवंडी — डफडं गळ्यात अडकवून पुढे चालायचं. बदल्यात खळ्यावरचं उरलेलं धान्य, तेही मातीसकट. छप्पन साली आजोबा नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले आणि सगळ्या वस्तीसमोर ते डफडं विहिरीत फेकून दिलं. बस! पुन्हा वाजवणं नाही. हे मला बाबांनी सांगितलं, बाबांना आजोबांनी.

याच्यावर माझ्या अकरा कविता आहेत. संग्रहाचं नावच 'बुडालेलं डफडं'. लोक मला डफड्याचा कवी म्हणतात. काही नुसतंच डफडं म्हणतात.

२३ मार्च, रविवार

सत्यशीलाचं बोट कापलं. पीठ चाळताना. आमची ती जुनी लोखंडी चाळणी — आईच्या वेळची, आईच्या आधीचीही असेल. हत्यारासारखी जड. तिच्या कडेला एका जागी तांब्याचं रिबीट ठोकलेलं आहे, ते वर आलंय म्हणे.

"दिवाळीपासून सांगून राह्यली, मोडीत टाका. कवितेत टाकाले सांगतलं असतं तं आतापर्यंत टाकली असती!"

हळद लावली. बोटाला. मग 'विहीर'ला यमक शोधत बसलो.

२९ मार्च

आज घरकाम केलं! भंगारवाला दारात आला तर चाळणी देऊन टाकली. त्यानं ती हातात तोलून पाहिली, मान डोलावली आणि अर्धा किलो लसूण दिला, वर गुलाबी प्लास्टिकची नवी चाळणी. सत्यशीला चक्क हसली. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली, पहिल्यांदाच सांगितलेलं काम वर्षाच्या आत झालं.

६ एप्रिल, रविवार

खर्डा अश्वजितला दिला. बावीस पानं. त्यानं उभ्या उभ्या वाचला आणि एकच विचारलं :

"काका, पुरावा?"

मी म्हटलं, कविता आहेत. अकरा.

"कविता नाई चालत, काका. कोणी पाह्यलं, कुठं लेखी हाये, असं काही पाह्यजे. मी पाटलाच्या घराण्यालेही हेच पुसलं. त्याईनं तं सनद काढून देली."

पाटलाकडे सनद. आमच्याकडे विहीर. तेवढ्यात त्यालाच सुचलं — वस्तीतल्या विहिरीचा गाळ यंदा काढायचाच आहे. "चामडं सडते काका, पण डफड्याचं कडं तं लोखंडी असते. असंल तं भेटनच!"

मी म्हटलं, असेल म्हणजे? आहेच!

१४ एप्रिल

जयंती. मंचावरून कविता वाचली. 'विहिरी, तुझ्या पोटात सत्तर वर्षांचा आवाज' या ओळीला टाळ्या. त्या भरात जाहीर करून बसलो, की येत्या आठवड्यात आजोबांचं डफडं विहिरीतून वर येणार, आणि तिथं दगड बसणार, आजोबांच्या नावाचा. पुन्हा टाळ्या. दगड घडवणाऱ्याला मजकूरही देऊन आलो. घाई कसली होती? कोण जाणे.

२० एप्रिल, रविवार

गाळ काढायला सुरुवात. मोटारीनं पाणी उपसलं, आता टोपल्या. मी काठावर खुर्ची टाकून. डोक्यावर दुपट्टा, हातात वही. जणू माझ्याशिवाय गाळ निघणार नाही.

आज निघालं ते — तीन बादल्या, एक कासंडी, सायकलची घंटी, चपला (सगळ्या डाव्या), एका निवडणुकीचा बिल्ला आणि कोणाची तरी कवळी. कवळी कोणी ओळखली नाही. ओळखली असेल, पण बोललं नाही.

कडं नाही.

२२ एप्रिल

कडं नाही. गाळ संपत आला. मजूर बाया पायानं चाचपून पाहतात. अश्वजित माझ्याकडे बघत नाही, ही त्याची सभ्यता.

दगड मात्र तयार होऊन आला. काळा, गुळगुळीत. 'या विहिरीत मारोती यांनी १९५६ साली गावकीचं डफडं फेकून दिलं.' खाली माझ्या कवितेच्या दोन ओळी. माझं नाव आजोबांच्या नावापेक्षा थोडं मोठं आलंय. मी तसं सांगितलं नव्हतं. नको असंही सांगितलं नव्हतं.

जेवण गेलं नाही. आता लिहितोच, इथं कोण वाचतंय. गावात शाळेला पाटलाचं नाव, पटांगणाला पाटलाच्या बापाचं. माझ्या आजोबाचं नाव कशालाच नाही. साध्या कागदावरही नाही. मतदार यादीत होतं तेही चुकीचं. तो माणूस गळ्यातलं ओझं काढून फेकतो, आणि सत्तर वर्षांनी त्याचा नातू सांगतो तर लोक म्हणणार — पुरावा? हा एक दगड मला पाहिजेच. माझं नाव खरवडा हवं तर. आजोबांचं राहू द्या.

(माझं खरवडायची तशी गरज नाही. लहान केलं तरी चालेल.)

२३ एप्रिल

जे केलं ते लिहू का? लिहितो.

यवतमाळ रोडवरच्या भंगाराच्या दुकानात गेलो. ढिगात तासभर उकरलं. पंख्यांच्या जाळ्या, कुलरचे पत्रे, आणि सगळ्यात खाली — एक कडं! लोखंडी, मधलं सगळं निघून गेलेलं, हातभराला थोडं कमी व्यासाचं, काठाला ओळीनं भोकं, चामडं ताणायला असतात तशी. काजळीनं काळंभोर. एका जागी सांधा उसवलेला, तो तांब्याच्या रिबिटानं जोडलेला. काय जुनेपणा! काय इतिहास! हे कोणाचं असेल, कोणत्या गावचं, असं वाटून अंगावर काटा आला. मग आठवलं, आपण लबाडी करायला आलोय.

दुकानदार म्हणाला, "बदल्यात काय देता?" पिशवीत संग्रहाच्या उरलेल्यांपैकी काही प्रती होत्या, ग्रंथालयात फुकट द्यायला नेत होतो. त्यानं त्या तराजूत टाकल्या. एका पारड्यात कडं, दुसऱ्यात माझी कविता. कडं जड भरलं. आणखी दहा प्रती घरून आणून दिल्या, तेव्हा काटा बरोबर आला. माझ्या कवितेला इतकं अचूक मोल कोणत्याच समीक्षकानं दिलं नव्हतं.

२४ एप्रिल

कडं मागच्या अंगणात बादलीत बुडवून ठेवलंय. मीठ, चिंच, पाणी. गंज चढावा म्हणून. वर पोतं.

सत्यशीला : "कायचं लोणचं घालून राह्यले?"

म्हटलं, शेतीचा प्रयोग आहे. आमच्याकडे शेती नाही. तिनं आतून आणखी मीठ आणून दिलं. ती मदत करते तेव्हा मला जास्त घाम येतो.

२५ एप्रिल, शुक्रवार

फेकलं.

दुपारी मजूर बाया कडुनिंबाखाली डबे उघडून बसल्या होत्या. ऊन असं, की काठावर माझ्याशिवाय कोणी नाही. दुपट्ट्यातून काढलं आणि सोडलं खाली.

माझ्या कवितेत डफडं पडतं तेव्हा 'दिशा थरारतात'. खरं म्हणजे 'भद्द' असा आवाज होतो. चिखलात म्हैस बसते तसा. मी आधी मागे वळून पाहिलं, कोणी बघतंय का. आजोबांनीही पाहिलं असेल का? त्यांनी वेगळ्या कारणानं.

तासाभरानं ममताबाईच्या टोपलीतून ते वर आलं. "मास्तर! गोल गोल काही हाये!" अश्वजित धावत आला, चिखल पुसला, भोकं मोजली. त्याच्या डोळ्यांत पाणी! मला म्हणाला, "काका, माफ करा. मी पुरावा मांगतला." आणि माझ्या पाया पडला.

पाया पडला. हे लिहिताना लाज वाटते आहे. पण तेव्हा मी त्याच्या पाठीवर हात ठेवून 'असू दे' म्हणालो. एखाद्या महात्म्यासारखा.

२ मे

कडं काचेच्या पेटीत. खाली निळं कापड. लोक येतात, फोटो काढतात. पेपरमध्ये तीन ओळी आल्या. कात्रण शर्टाच्या खिशात. शर्ट धुवायला टाकलेला नाही.

५ मे

मैनाआत्याला फोन केला. आजोबांची मुलगी, त्या पिढीतली एवढीच उरली. राळेगाव तालुक्यात असते. छप्पन साली नऊ वर्षांची. बुद्धपौर्णिमेला तिच्याच हातून दगडावरचा पडदा काढू, असं अश्वजित म्हणाला.

आत्या म्हणाली, "कायचा दगड?" म्हटलं, आजोबांच्या डफड्याचा. विहिरीत सापडलं ना!

"विहिरीत?" असं तिनं दोनदा विचारलं. मग म्हणे, "येतो. मले पाहाचंच हाये थे."

भावना अनावर झाल्या असतील, असं मी समजलो.

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

जमेल तसं सरळ लिहितो.

मांडव. निळे झेंडे. चारशे तरी माणूस. आत्याला नातवानं गाडीवर आणलं. पांढरं लुगडं, हातात काठी. मी पुढे होऊन पाया पडलो. तिनं गालावरून हात फिरवला आणि सरळ पेटीकडे गेली. अश्वजितनं काच उघडून दिली. आत्यानं कडं उचललं, भोकांतून एकेक बोट घालून पाहिलं, रिबिटावर अंगठा फिरवला. आणि हसायला लागली! बोळक्या तोंडानं, अंग हलवून.

माझ्या कानाशी तोंड आणलं. "अमऱ्या, हे तं मायची चाळणी व्हय."

मी म्हटलं, आत्या, हे डफड्याचं कडं आहे.

"हो ना! डफड्याचंच. त्याचीच तं चाळणी केलती."

मी कडं तिच्या हातून घ्यायला गेलो. तोवर अश्वजितनं तिच्या हातात माइक दिला होता.

आत्या कधी माइकवर बोललेली नाही. तिनं तो भुट्ट्यासारखा धरला आणि आपल्या ओसरीवर बसून बोलावं तशी बोलली :

"बाबा नागपूरहून आले अन् डफडं घेऊन विहिरीवर गेले. अख्खी वस्ती संग. मीही गेलती. बाबानं फेकाले हात उचलला. तं मायनं धरला. माय म्हणे, लोखंड हाये, कायले फेकता? हे वाजवून वाजवून खळ्यावरचं मातीचं धान्य खाल्लं आपण. आता त्याच्यानंच माती गाळू. चामडं फाडून टाका विहिरीत, कडं मले द्या. बाबानं चामडं फाडलं. फाडलं अन् तिथंच बसून रडला. दुसऱ्या दिवशी जाळी ठोकून आणली. एका जागी कडं उसवेल होतं, तांब्याचा टाका माह्यासमोर मारला. कोणी पुसलं तं बाबा सांगे, फेकलं. बायकोनं हात धरला, हे सांगाले लाजे तो. पण त्या दिवसापासून आमच्या भाकरीत खडा आला नाई."

बायांच्या बाजूला कोणीतरी डोळे पुसले, मग सगळ्याच पुसू लागल्या. अश्वजित वहीत लिहायचं विसरून उभा. मी तर रडतच होतो. बावीस पानं आणि अकरा कवितांत जे एकदाही आलं नव्हतं, ते आत्यानं पाच मिनिटांत सांगितलं. आजीचं तर मी नावही लिहिलं नव्हतं. जमनी. तिचं नाव जमनी.

मला वाटलं, झालं. सुटलो. पण आत्यानं माइक सोडला नव्हता.

"सगळं खरं हाये. मले एकच समजून नाई राह्यलं. माय गेली तशी चाळणी अमरच्या घरी होती. मागच्या दिवाळीले गेली तेव्हा मी तिच्यातून पीठ चाळलं. मंग हे विहिरीत कसं गेलं, अमऱ्या?"

चारशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं.

खोटं सुचलं. दोन-तीन सुचलीही, बऱ्यापैकी होती. पण आत्या माझ्याकडे बघत होती, खरंच उत्तर पाहिजे म्हणून. मी माइक घेतला आणि सांगितलं. लसूण. भंगार. तराजू. चिंच. भद्द. सगळं. पाया पडून घेतलं तेही सांगितलं, अश्वजितकडे बघून.

पहिल्यांदा ममताबाई हसली. मग मांडव हसला. माझ्या एकाही विनोदी कवितेला असे हसले नव्हते लोक. अश्वजित हसला नाही. उठून बाहेर गेला.

१३ मे

मागची पानं काढून वाचली. २३ मार्च — तांब्याचं रिबीट. २३ एप्रिल — तांब्याचं रिबीट. माझंच अक्षर! चाळणीतलं खात वाढलो, पण तिच्याकडे एकदा नीट पाहिलं नाही. पीठ आणि मी यांची भेट थेट भाकरीत.

सत्यशीलाला विचारलं, तुला कळलं नव्हतं?

"पेटीत पाह्यली तेव्हाच ओळखली. बोट कापलं होतं माहं तिच्यानं!"

मग बोलली का नाहीस?

"म्हटलं, तुमी मोठे कवी. असंल काही तुमचं."

थोड्या वेळानं म्हणाली, "थे कडं घरी आणा. गुलाबी चाळणी फाटली."

१४ मे

दगडावर अजून पडदाच आहे. अश्वजितचा फोन नाही. मी तीनदा लावला, तीनदा कापला. बरोबर आहे त्याचं.

१५ मे, गुरुवार

संध्याकाळी अश्वजितचा फोन. आवाज कोरडा. "पुस्तक छापखान्यात थांबवून ठेवलं. दगडही पुसून नवा लिहाचा हाये. आता पुरावा हाये, साक्षीदार हाये. फक्त मजकूर सांगा. कविता नको."

सांगितला. त्यानं लिहून घेतला आणि मला परत वाचून दाखवला :

'१९५६ साली मारोती आणि जमनी यांनी गावकीच्या डफड्याची चाळणी केली. ते डफडं या विहिरीत फेकलं २०२५ साली, त्यांच्या नातवानं.'